वाकलेलं, तडकलेलं आणि जोडलेलं

गेल्या महिन्यात वीकांताला मामाकडे गेलो, तर अंगणात ट्रॅक्टर पुढचे पाय मोडलेल्या बैलासारखा बसलेला. पुढची चाकं काढून बाजूला ठेवलेली, तोंडाखाली लाकडी ठोकळे. झालं होतं असं, की उसाची ट्रॉली घेऊन येताना पुढचं एक चाक चारीत गेलं. दोन्ही चाकांना एकत्र वळवणारा टाय रॉड धनुष्यासारखा वाकला आणि पुढचा अ‍ॅक्सल ज्याला लटकतो ते भलंथोरलं ब्रॅकेट तडकलं. ट्रॅक्टर तीस वर्षांहून जुना. घरात दोन पक्ष पडले होते. मामेभावाचं म्हणणं, भंगारात घाला आणि नवा घ्या. मामा गप्प. (मामा गप्प म्हणजे उत्तर 'नाही'. हे आजोळी सगळ्यांना माहीत आहे.)

मी आपली इंजिनियरिंगची डिग्री पाजळली. "दांडा वाकलाय ना, ठोकून सरळ करून घ्या. ब्रॅकेट मात्र गेलं. तुटलं ते तुटलं."

दुपारी तालुक्याहून म्हातारे मिस्त्री आले. उकिडवे बसून दोन्ही वस्तू बघितल्या आणि नेमकं उलटं बोलले. "दांडा टाका भंगारात. ह्ये मी जोडून देतो."

आमचा पोपट झाला, हे सांगायला नकोच :) पण डोक्यात किडा वळवळायला लागला. वाकलेलं निरुपयोगी आणि तडकलेलं दुरुस्त होणारं, हे कसं काय? परत आल्यावर तीन-चार वीकांत वाचत बसलो, आणि त्यातून एक झकास गोष्ट सापडली. ती १९१७ सालची आहे.

त्याआधी एक बारकासा प्रश्न. ट्रॅक्टरची चेसिस कुठे असते? ट्रकला खाली पोलादी सांगाडा असतो आणि त्यावर बाकीचं सगळं बसवलेलं असतं. बहुतेक ट्रॅक्टरना असा सांगाडाच नसतो. इंजिन, त्यामागे क्लचचं घर, त्यामागे गिअरबॉक्स आणि शेवटी मागचा अ‍ॅक्सल, या सगळ्या जाडजूड ओतीव पेट्या एकमेकींना बोल्टांनी आवळलेल्या असतात. त्या पेट्या हाच कणा.

सांगाडा काढून टाकायची कल्पना हेन्री फोर्डच्या आधीही एका अमेरिकन कंपनीने वापरली होती. पण ओतीव पेट्यांच्या कण्याचा ट्रॅक्टर प्रचंड संख्येने काढला तो फोर्डने. त्याचा 'फोर्डसन' ट्रॅक्टर ऑक्टोबर १९१७ मध्ये डिअरबॉर्नच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागला. २० अश्वशक्ती, वजन साधारण १,२०० किलो. पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ब्रिटिश सरकार. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या, देशातच पिकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून त्यांनी ६,००० ट्रॅक्टर मागवले. पुढे १९२२ मध्ये फोर्डने किंमत ३९५ डॉलरवर आणली आणि अमेरिकेतल्या साध्या शेतकऱ्याच्या दारातही ट्रॅक्टर आला.

हे सगळं शक्य झालं ते बिडामुळे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपल्याकडे बिडाचा तवा असतो ना, तेच. साध्या नरम पोलादात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो, बिडात तीन-साडेतीन टक्के. त्यामुळे बीड पोलादापेक्षा तीनेकशे अंश आधी वितळतं, पाण्यासारखं वाहतं आणि साच्यातल्या कानाकोपऱ्यात शिरतं. किचकट आकाराची पेटी एका ओतात तयार! स्वस्त, जड, धक्के जिरवणारं.

पण या देण्याबरोबर एक घेणंही आहे. बिडातला जास्तीचा कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने आत पसरलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर धातूत जागोजागी बारीक काळ्या चिरा पडल्यासारख्या दिसतात. दाबलं तर या चिरा मिटतात, म्हणून बीड दाब छान सोसतं. ताणलं की त्याच चिरा उघडतात, म्हणून ताणाखाली त्याची ताकद दाबाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. ते वाकत नाही. टण्ण करून तडकतं. बिडाचा तवा हातातून पडला की काय होतं, ते आईला विचारा.

म्हणजे १९१७ मध्ये शेतीचं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र अशा धातूच्या कण्यावर उभं राहिलं, जो वाकून सूचना देत नाही. थंडीत रात्री पाणी काढायला विसरलात, तर बर्फ फुगून इंजिनाचा ब्लॉक फुटायचा. आणि फुटलेलं बीड जोडता येत नाही, ही तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती.

त्या समजुतीवर कोणी पैज लावली असेल, तर ती जर्मन खलाशांनी.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनीची बरीच जहाजं अमेरिकेच्या बंदरांत अडकून पडली होती. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तिने ती ताब्यात घेतली. त्याआधीच खलाशांनी आपला कार्यभाग उरकला होता. न्यूयॉर्कसमोर होबोकेनला उभ्या असलेल्या 'कैसर विल्हेल्म दुसरा'सारख्या मोठमोठ्या जहाजांची इंजिनं त्यांनी फोडून ठेवली होती. नेम कुठे धरला? वाफेच्या इंजिनांच्या अवाढव्य बिडाच्या सिलिंडरांवर. हिशोब साधा होता: बीड जुळत नाही, म्हणजे नवे सिलिंडर ओतावे लागणार, घासावे लागणार, बसवावे लागणार. निदान वर्षभराची निश्चिंती. तोवर युद्ध संपेल.

नागरी जहाजांच्या जाणकारांचा कलही नवे सिलिंडर करण्याकडेच होता. अमेरिकन नौदलाने मात्र वेगळाच घाट घातला. रेल्वेच्या कारखान्यांत इंजिनांच्या दुरुस्तीसाठी तेव्हा विजेचं वेल्डिंग वापरलं जात होतं. तेच इथे आणलं. फुटलेल्या कडांमध्ये आटे पाडून पोलादी खुंट्या पिळायच्या, भोकावर पोलादाचं ठिगळ बसवायचं, आणि खुंट्या व ठिगळ यांना वेल्डिंगने एकजीव करायचं. बिडाला धरून ठेवायचं काम खुंट्यांचं, फट बुजवायचं काम वेल्डिंगचं. अनेक अनुभवी इंजिनियर म्हणत होते, समुद्रात पहिल्या झटक्याला उखडेल. उखडलं नाही. काही महिन्यांत जहाजं चालू झाली. 'कैसर विल्हेल्म दुसरा'चं नाव 'अगामेम्नॉन' झालं, आणि जर्मनांच्याच जहाजांतून लाखो अमेरिकन सैनिक जर्मनांशी लढायला युरोपात उतरले. याला म्हणतात काव्यगत न्याय!

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला की. आणा रॉड, मारा वेल्डिंग. मामाने आधी तेच करून बघितलं होतं. गावातल्या एकाकडून साध्या रॉडने टाका मारून घेतला. काम बघायला देखणं. चहा होईपर्यंत टण्ण आवाज आला आणि जोडाच्या शेजारून नवी चीर पडली. जोड शाबूत, शेजारी फुटला.

कारण असं: वेल्डिंगच्या ठिकाणी बीड वितळतं आणि आजूबाजूचा थंडगार धातू ती उष्णता झटकन शोषून घेतो. इतक्या घाईत थंड होताना कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही. तिथे काचेसारखा कडक, ठिसूळ थर तयार होतो. वर जोड थंड होताना आक्रसतो आणि शेजाऱ्याला ओढतो. पोलाद असतं तर थोडं ताणलं जाऊन जुळवून घेतलं असतं. बिडाला जुळवून घेणं माहीत नाही.

म्हणून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बीड जोडायच्या ज्या पद्धती टिकल्या, त्या सगळ्या या ताणातून सुटायच्या युक्त्या आहेत. एक, सगळा भागच भट्टीत पाच-सहाशे अंशांपर्यंत तापवायचा, गरम असतानाच जोडायचा आणि मग राखेत किंवा चुन्यात पुरून एक-दोन दिवस हळूहळू निवू द्यायचा. दोन, उलट टोक गाठायचं: निकेलचा रॉड घ्यायचा, एका वेळी इंचभरच टाका मारायचा, लगेच हातोडीने ठोकून त्याचा ताण मोडायचा, हात लावता येईल इतकं निवेपर्यंत थांबायचं आणि मग पुढचा इंच. निकेल मऊ राहतं, म्हणून शेजाऱ्याला छळत नाही. तीन, गॅसवर पितळ मारायचं. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं, तेव्हा बीड वितळतच नाही. टाकणखाराने साफ झालेल्या पृष्ठभागाला पितळ धरून बसतं. चौथी पद्धत मला सगळ्यात आवडली. १९३० च्या दशकात अमेरिकेत टेक्सासच्या तेलाच्या खाणींवर, जिथे ठिणगी पडली तर सगळंच आटोपलं, तिथे लोकांनी धातू चक्क शिवायला सुरुवात केली. चिरेला आडव्या खाचा पाडायच्या आणि त्यात धातूचे टाके ठोकून बसवायचे. आग नाही, त्यामुळे आक्रसणं नाही.

मुळावरच घाव घालणारा इलाज १९४८ मध्ये जाहीर झाला. ओतण्याआधी चिमूटभर मॅग्नेशियम घातलं, तर ग्राफाइटचे पापुद्रे न होता गोळ्या होतात, आणि असं बीड तुटण्याआधी चक्क वाकतं. पण त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही अनेक ट्रॅक्टरांच्या पेट्या जुन्याच राखाडी बिडाच्या. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून कंपनी काढली आणि मुंबईत 'बी-२७५' ट्रॅक्टर बनायला लागला. त्या पिढीचे ट्रॅक्टर फोर्डसनच्याच घराण्यातले. त्यामुळे मिस्त्रींची ही विद्या आपल्याकडे कधी जुनी झालीच नाही.

मिस्त्रींनी काय केलं? आधी ब्रॅकेट रॉकेलने धुतलं, कोरडं पुसलं आणि वर खडू फासला. पाच मिनिटांत चिरेतलं रॉकेल खडूवर उमटलं. मला जिथे चीर संपल्यासारखी वाटत होती, तिच्या बोटभर पुढे ती गेलेली. मग चिरेच्या खऱ्या टोकाला ड्रिलने भोक मारलं. मी हैराण. फाटलेल्याला आणखी भोक?

याचं गणित केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्येच मांडून ठेवलंय. चिरेच्या टोकाशी ताण किती पट वाढतो, ते टोक किती अणकुचीदार आहे यावर अवलंबून असतं. मी आकडे घालून बघितले. ४० मिलिमीटरची चीर आणि टोकाची त्रिज्या ०.०५ मिलिमीटर धरली, तर ताण चाळीसपटीच्या वर जातो. त्याच टोकांना ६ मिलिमीटरची भोकं पाडली, तर साधारण साडेसहापट. भोक म्हणजे चिरेचा दात काढून घेणं. मिस्त्रींनी इंग्लिसचं नाव ऐकलेलं नाही. त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं, "चिरंला आधी कुंपण घाल."

मग चिरेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच, कोळशावर सावकाश तापवणं, पितळ, आणि रात्रभर राखेत. दुसऱ्या दिवशी वरून पोलादी पट्टी बोल्टांनी आवळली. वेल्डिंगच्या भरवशावर सगळं सोडायचं नाही. होबोकेनच्या खुंट्यांमागेही हाच विचार होता.

आणि तो बिचारा वाकलेला दांडा? तो पोलादाचा. पोलाद वाकतं आणि सरळ होतं, म्हणून आपण त्याला माफ करून टाकतो. पण म्युनिकच्या योहान बाउशिंगर यांनी १८८० च्या दशकात दाखवलं होतं, की एका दिशेने वाकवलेला धातू उलट दिशेने लवकर हार खातो. त्याच्याही आधी जर्मनीतच ऑगस्ट वोलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात न तुटणारा आस छोट्या-छोट्या झटक्यांनी हजारो-लाखो फेऱ्यांनंतर तुटतो. वाकवून सरळ केलेल्या दांड्यात बारीक चिरा पडल्या असतील, तर त्या वरून दिसत नाहीत. पुढे रोजच्या रस्त्यावर त्या वाढत राहतात. टाय रॉड तुटला की चाक कुठेही वळतं, आणि मागे भरलेली ट्रॉली असते.

मी मिस्त्रींना विचारलं, "नांगराचा वाकलेला फाळ तर तुम्ही सरळ करून देता?"

"फाळ मोडला तर वाफा राहील. ह्यो मोडला तर माणूस राहील का?" मग ब्रॅकेटकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याचं दुखणं दिसतंय, म्हणून औषध. त्याचं दिसत न्हाई."

मला वाटतं, सगळं सार याच वाक्यात आहे. आमच्या धंद्यातही धडाधड कोसळणारा प्रोग्राम परवडतो, निदान कुठे मोडलंय ते कळतं. कोणीतरी घाईत 'सरळ' करून ठेवलेला, वरवर चालणारा कोड मात्र कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

नवा टाय रॉड आला. मिस्त्रींनी जाताना मामाला बजावलं, दर महिन्याला खडू लावून बघायचं आणि पट्टीचे बोल्ट आवळायचे. मामाने कॅलेंडरवर तारखा लिहून ठेवल्यात. मामेभाऊ अजून कुरकुरतो, पण गेल्या रविवारी फोन केला तर खडू लावायचं काम तोच करत होता. कोरडा निघाला म्हणे :)