दोम्ये यांची व्यंगशिलामुद्रणे
फ्रेंच चित्रकार ऑनोरे दोम्ये (१८०८–७९) यांनी सुमारे ४,००० शिलामुद्रणे केली. चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने थेट रेखाटता येत असल्याने हाताचा वेग आणि दाब छापातही उतरे. ‘गार्गांत्युआ’मध्ये (१८३१) राजा लुई फिलिप नासपतीच्या आकाराच्या डोक्याचा आणि अवाढव्य पोटाचा आहे, गरिबांचा पैसा टोपल्यांतून, फळीवरून थेट त्याच्या तोंडात जातो. या चित्रापायी दोम्ये यांना तुरुंगवास घडला. ‘र्‍यू ट्रान्सनोनँ’मध्ये (१८३४) मात्र अतिशयोक्ती जवळजवळ नाहीच : सैनिकांनी मारलेला माणूस रात्रीच्या सदऱ्यात पडलेला, त्याच्या अंगाखाली मूल. सारा आरोप गडद छाया आणि तिरपा पडलेला देह करतात. त्यांचे सर्वांत जहाल चित्र हेच म्हणावे लागेल. १८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांवर सेन्सॉर बसल्यावर त्यांनी आपला मोर्चा वकील, न्यायाधीश व घरमालकांकडे वळवला.