विश्व वाढते म्हणजे काय होते?

बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरच्या माणसाला आकाशाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. शेजारच्या लोणारात उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. वरून काहीतरी खाली येते, हे त्याला पटते. पण दूरच्या दीर्घिका आपणापासून लांब चालल्या आहेत म्हटले, की तो विचारतो, "कुठे चालल्या? आणि आपण काय मधोमध आहोत?" प्रश्न रास्त आहे. विद्वानांनाही तो चटकन सुटला नाही.

१९१२ पासून अमेरिकेत स्लायफर यांनी तेजोमेघांचे वर्णपट तपासले. बहुतेकांच्या रेषा तांबड्या रंगाकडे सरकलेल्या आढळल्या. १९२२ साली रशियातील फ्रीडमन यांनी व १९२७ साली बेल्जियमचे धर्मोपदेशक लमेत्र यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतूनच वाढते विश्व काढून दाखविले. १९२९ साली हबल यांनी अंतरांशी मेळ घालून सांगितले, की दीर्घिका जितकी लांब, तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक.

हे आपल्याच रस्त्यावर लावून पाहू. मेहकर, सुलतानपूर, बिबी, सिंदखेडराजा ही गावे एका वाटेवरची. समजा, ही वाट रबराची आहे आणि तासाभरात ताणून दुप्पट झाली. सुलतानपुराहून बिबी दहा किलोमीटरवर धरले, तर ते विसावर गेले. सिंदखेडराजा चाळिसावर धरले, तर ते ऐंशीवर. गावे वाटेवरून धावली नाहीत. मधली वाटच वाढली. एकाच तासात जवळचे गाव दहा, तर लांबचे चाळीस किलोमीटर दूर गेले. हबलचा नियम तो हाच. सुलतानपूरकराला वाटेल, सारे माझ्यापासूनच पळताहेत. बिबीकरालाही तसेच वाटेल. मध्य असा कुठेच नाही. वाटेने येणारा प्रकाशही ताणला जातो, म्हणून तो तांबड्याकडे सरकतो.

मग आपली घरे, शेते का वाढत नाहीत? कारण ती आपापल्या बळाने बांधलेली आहेत. पृथ्वी, सूर्यमाला, आपली आकाशगंगा, यांना गुरुत्वाकर्षणाने आवळून धरले आहे. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येते आहे. वाढ दिसते ती दीर्घिकांच्या समूहांमधल्या मोठ्या अंतरांत.

आता खरा वाद. वाट उलटी आखडत नेली, तर सारे एकदा अगदी जवळ असले पाहिजे. म्हणजे विश्वाला आरंभ होता काय? १९४८ साली इंग्लंडात हॉइल, बाँडी व गोल्ड यांनी 'नाही' म्हटले. विश्व वाढत जाते तसे नवे द्रव्य निर्माण होते आणि त्याचे एकंदर रूप कायम राहते, असे त्यांचे म्हणणे. या पक्षात एक मराठी तरुण सामील झाला. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर, काशीच्या हिंदू विश्वविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर यांचे चिरंजीव. १९६४ साली हॉइल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला.

लक्षात घ्या, विश्व वाढते याविषयी दोन्ही पक्षांत भांडण नव्हते. भांडण होते ते त्यावरून काढावयाच्या अर्थाचे. १९६५ साली पेंझियस व विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे मंद किरण सापडल्याचे जाहीर झाले आणि बहुमत आरंभाच्या बाजूला गेले. आज बहुतेक शास्त्रज्ञ विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानतात. नारळीकरांनी मात्र १९९३ साली हॉइल व बर्बिज यांच्यासह आपले मत सुधारून पुन्हा मांडले. पुण्यात १९८८ साली 'आयुका' उभी करताना त्यांनी आपल्या विरुद्ध मताच्या लोकांनाही जागा दिली. २०२५ साली ते निवर्तले.

बहुमताचा कौल त्यांच्या बाजूने लागला नाही. पण पुरावा पाहावा, पटला नाही तर तसे सांगावे, ही रीत त्यांनी सोडली नाही. शिवाय विश्वाची ही वाढ वेगावत आहे, असे १९९८ साली दिसून आले. ती का, हे अद्याप कुणालाच उलगडलेले नाही. तेव्हा कार्तिकातल्या अवसेच्या रात्री गावाबाहेर येऊन देवयानीचा तो अंधूक ठिपका जरूर पाहा, आणि सुलतानपूरकराचा तो प्रश्न पुन्हा विचारा. अजून तो पुरता संपलेला नाही.