पाळीव फिंच पक्ष्यांच्या पिल्लांचे संरक्षण

पाळीव फिंच पक्ष्यांच्या पिल्लांचे संरक्षण म्हणजे पक्षिगृहात जन्मलेली फिंचची पिल्ले उडण्याजोगी होईपर्यंत मुंग्या, रक्तशोषक परजीवी, उंदीर, साप इत्यादींपासून सुरक्षित ठेवण्याची पद्धती होय. घरट्यातील पिल्लू पळून जाऊ शकत नाही, आणि कीटक मारणारी अनेक औषधे त्यालाही घातक ठरतात. त्यामुळे हे संरक्षण प्रामुख्याने पक्षिगृहाची रचना, स्वच्छता आणि नियमित पाहणी यांवर अवलंबून असते.

पाळले जाणारे पक्षी

भारतात मुख्यतः मूळचा ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंच आणि जपानमध्ये माणसाळवलेला बेंगालीज फिंच हे पक्षी पाळले जातात. महाराष्ट्रात आढळणाऱ्या लाल मुनिया, ठिपकेदार मुनिया व चंदेरी मुनिया याच कुळातील आहेत. मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना पकडणे, पाळणे किंवा विकणे गुन्हा आहे.

झेब्रा फिंचची मादी साधारणतः ४ ते ६ अंडी घालते. नर व मादी दोघेही ती १२ ते १४ दिवस उबवतात. जन्मतः पिल्लू आंधळे व जवळजवळ पिसेविरहित असून त्याचे वजन सुमारे १ ग्रॅम असते. ते १८ ते २१ दिवसांत घरट्याबाहेर येते व त्यानंतरही सुमारे दोन आठवडे आईबापांकडून भरवले जाते. घरट्यातील पहिले तीन आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात.

कीटक व परजीवी

मुंग्या: अंडे फुटताना येणाऱ्या ओलाव्याकडे व मेलेल्या पिल्लाकडे मुंग्या आकर्षित होतात आणि जिवंत पिल्लांनाही चावतात. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे व टांगलेल्या पिंजऱ्याच्या तारेला ग्रीस लावणे हे परिणामकारक उपाय आहेत. भिंतीला किंवा फांदीला पिंजऱ्याचा स्पर्श झाल्यास दोन्ही उपाय निरुपयोगी ठरतात.

लाल माइट: हा कीटक नसून गोचिडीशी नाते असलेला आठपायी परजीवी आहे. तो दिवसा लाकडाच्या फटींत लपतो व रात्री रक्त शोषतो. लागण वाढल्यास पिल्ले फिकी पडून दगावतात आणि आईबाप घरटे सोडतात. रात्री घरट्याजवळ पांढरे फडके ठेवल्यास सकाळी त्यावर लालसर ठिपके दिसतात. प्रत्येक विणीनंतर घरट्यातील गवत जाळून टाकणे व पेटी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवणे आवश्यक असते.

डास: पक्ष्यांमधील देवी या विषाणुजन्य रोगाचा प्रसार डासांमार्फत होतो. त्यामुळे पक्षिगृहाला बारीक जाळी लावली जाते व आसपास पाणी साचू दिले जात नाही.

भक्षक

सांडलेल्या दाण्यांमुळे उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग साप. म्हणून दाणे रोज झाडून काढणे हा सापांपासून बचावाचाही पहिला उपाय होय. अर्ध्या इंचाच्या जाळीतून उंदराची पिल्ले व लहान साप आत शिरू शकतात. पाव इंचाची जाळी अधिक सुरक्षित असते. उकरून येणाऱ्या प्राण्यांना रोखण्यासाठी तळ सिमेंटचा करतात किंवा जाळी जमिनीत सुमारे एक ते दीड फूट पुरतात.

मांजर, शिक्रा किंवा पिंगळा जाळीबाहेर बसला तरी हानी होते. रात्री बिथरून उडालेले आईबाप अंधारात घरट्याकडे परतू शकत नाहीत व पिल्ले गारठून मरतात. यासाठी मंद दिवा ठेवतात आणि पक्षिगृहाची एक बाजू पूर्ण बंद करतात.

स्थानिक परिस्थिती

या उपायांत हवामान व परिसरानुसार बदल करावे लागतात. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुका हे त्याचे उदाहरण होय. टिपेश्वर अभयारण्याचा काही भाग या तालुक्यात येतो. जंगल व शेते यांच्या सान्निध्यामुळे अशा भागात धामण, मुंगूस व शिक्रा वस्तीजवळही आढळतात. उन्हाळ्यात विदर्भात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पत्र्याखालील घरटी तापतात आणि उष्णतेत माइटची पैदासही वेगाने होते. पावसाळ्यात वारुळात पाणी शिरल्याने मुंग्या कोरड्या जागी चढतात. कापूस येथे सहज मिळत असला तरी त्याचे लांब तंतू पिल्लांच्या पायांत गुंतत असल्याने घरट्यासाठी सुके मऊ गवत किंवा आखूड कापलेला काथ्या वापरणे योग्य ठरते.

औषधांचा वापर

फवारे, डास घालवणाऱ्या अगरबत्त्यांचा धूर व डांबराच्या गोळ्या पक्ष्यांच्या नाजूक श्वसनसंस्थेस अपायकारक असतात. माइटवरील औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे लागते. उंदरांसाठी विषाऐवजी पक्षिगृहाबाहेर सापळा लावणे सुरक्षित असते. साप व शिकारी पक्षी यांनाही वरील अधिनियमाचे संरक्षण असल्याने त्यांना मारता येत नाही. साप आत शिरल्यास वन विभागास कळवावे लागते.