कर्णबधिर लेकरांचं चालणं: कानातल्या तोलाचा इतिहास

आज इतिहास सांगायचाय तो कानाचा. पण ऐकण्याचा नाही, तोल सांभाळण्याचा.

आमच्या नांदेड-लातूरकडं लेकराला ऐकू येत नाही हे घरच्यांच्या पुष्कळदा उशिरा ध्यानात येतं. दोन-अडीच वर्षांचं झालं तरी बोलेना, मग धावपळ सुरू होते. पण मागचं आठवायला सांगा. काही घरांत आई म्हणते, मान उशिरा धरली, बसलं उशिरा, दीड वर्ष उलटलं तरी पाऊल टाकीना. तेव्हा सगळे म्हणाले, अंगानं जड आहे, चालेल हळूहळू. पांगुळगाडा आला. कान तपासायचं कुणाला सुचलं नाही, कारण चालण्याचा आणि कानाचा काय संबंध?

हा संबंध शास्त्रज्ञांनाही सहज सापडला नाही. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये फ्लुरांस यांनी कबुतरांच्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या कापून पाहिल्या. कबुतरांना ऐकू येत राहिलं, पण ती गरगरायला लागली. १८६१ मध्ये पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतले डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी मांडलं की माणसाची चक्करही आतल्या कानातून येऊ शकते. तोवर ती मेंदूची व्याधी समजली जायची.

मला सगळ्यात आवडतो तो १८८२ चा प्रयोग. अमेरिकेत हार्वर्डचे विल्यम जेम्स यांनी ५१९ कर्णबधिरांची माहिती गोळा केली: गोल फिरवल्यावर चक्कर येते का? १८६ जणांना अजिबात येत नव्हती, १३४ जणांना अगदी थोडी. ऐकू येणाऱ्या सुमारे २०० विद्यार्थ्यांमध्ये मात्र चक्कर न येणारा एकच निघाला. पुढं १९५० च्या दशकाअखेरीपासून अंतराळ संशोधनासाठी गॅलॉडेट कॉलेजातल्या ११ कर्णबधिर पुरुषांवर प्रयोग झाले. त्यातल्या दहा जणांचं ऐकणं लहानपणी मेनिंजायटिसनं, म्हणजे मेंदूच्या आवरणाला आलेल्या सुजेनं गेलेलं. खवळलेल्या समुद्रात संशोधक ओकून बेजार, आणि ही मंडळी निवांत पत्ते खेळत बसलेली!

ऐकण्याचा शंख आणि तोलाच्या नळ्या एकमेकांना खेटून असतात. आतला द्रव सामाईक, मेंदूकडं जाणारी नसही एकच. म्हणून एकाला इजा झाली की कधीकधी दुसऱ्यालाही होते. कधीकधीच, हे लक्षात ठेवा. जन्मतः कर्णबधिर असलेली कितीतरी लेकरं वेळेवर चालतात. मेनिंजायटिसनंतर मात्र तोल जाण्याचा धोका मोठा. अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात लेकरू जन्मतः बहिरं असतं, उशिरा चालतं आणि पुढं रात्रीचं दिसणंही कमी होत जातं. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच प्रकट होतो. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी, मामा-भाचीशी लग्नं होत आली आहेत, त्यामुळं ही गोष्ट आपल्याला परकी नाही. अशा लग्नांतली बहुतेक लेकरं ठणठणीत असतात, पण धोका वाढतो हे खरं.

इकडं शाळांचा इतिहास वेगळ्याच वाटेनं गेला. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेत युरोपातल्या शिक्षकांनी ठरवलं की कर्णबधिरांना बोलायलाच शिकवायचं. त्याच दशकात मुंबईत आपल्याकडची कर्णबधिरांची पहिली शाळा निघाली. मला वाटतं, सगळं लक्ष जिभेवर गेलं आणि पाय मागं राहिले.

आपल्याकडं सोयी टप्प्याटप्प्यानं आल्या. तेव्हाच्या औरंगाबादचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं, नांदेडचं १९८८ चं, लातूरचं २००२ चं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात. त्यांच्या यादीत बहिरेपण आहे आणि हालचालींचा विकास मागं पडणंही आहे. माझं म्हणणं एवढंच की हे दोन रकाने एकत्र वाचा. उशिरा चालणाऱ्या लेकराचे कान तपासा. झोपेत होणारी बेरा चाचणी अगदी तान्ह्या बाळाचीही करता येते. आणि कर्णबधिर लेकराचा तोल तपासा.

तोल गेलेली लेकरंही चालायला शिकतात, कारण मेंदू डोळ्यांची आणि तळपायांची मदत घेतो. व्यायामानं फरक पडतो. अडतं ते अंधारात, नांगरलेल्या रानात आणि पाण्यात. पंचमीला फुगडी खेळून ज्याला कधीच गरगरत नाही, आंधळी कोशिंबिरीत डोळे बांधले की जे धडपडतं, त्या लेकरावर नजर ठेवा. जेम्स यांनीही नोंदवलं होतं की काही कर्णबधिर पाण्याखाली गेले की गोंधळून जातात. वर कुठं, खाली कुठं, हेच कळत नाही. आपल्याकडं पोरं विहिरीत नाहीतर गोदावरीत पोहायला शिकतात. तेव्हा अशा लेकराला पाण्यात एकटं सोडू नका, आणि हे त्याच्या मास्तरांनाही सांगून ठेवा.

तुमच्या गावातल्या अंगणवाडी ताईंना हा भाग जरूर ऐकवा. भेटू पुढच्या भागात.