कर्ता आणि कंपनी : नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची उतरती वर्षे

नाशिकहून मुंबईकडे निघाले की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक लागते. भारतीय चित्रपटाच्या जनकाचे स्मारक त्याच्या कर्मभूमीत असावे, हे उचितच आहे. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेला हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच वारला. परंतु एके काळी देशातील मूकपटांच्या धंद्यात अग्रभागी असलेली फाळक्यांची नाशिकची कंपनी आज किती जणांना आठवते? तिचे नाव हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी. फाळक्यांचे चरित्र बहुधा १९१३ पाशी उत्कर्षबिंदू गाठते आणि तेथून एकदम त्यांच्या विपन्न वार्धक्याकडे उडी घेते. मधली पंधरा-वीस वर्षे दोन वाक्यांत आटोपली जातात. प्रस्तुत लेखाचा विषय ती मधली वर्षे हा आहे.

या ऱ्हासाचे रूढ स्पष्टीकरण सोपे आहे: बोलपट आला आणि मूकपटांचा राजा पदच्युत झाला. स्पष्टीकरण सोयीचे आहे, कारण त्यात कोणाचाच दोष राहत नाही. मात्र तारखा त्याला साथ देत नाहीत. 'आलम आरा' पडद्यावर आला तो १४ मार्च १९३१ रोजी. फाळके आपल्या कंपनीतून बाहेर पडले ते त्याच्या दहा-बारा वर्षे आधी, कंपनीचे चित्रपट गर्दी खेचत असताना. तेव्हा ऱ्हासाचे मूळ अन्यत्र शोधावे लागते. माझ्या मते ते कंपनीच्या जन्मातच आहे.

त्यासाठी कंपनीपूर्वीचे फाळके पाहिले पाहिजेत. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशकात हलवले. तिथे 'मोहिनी भस्मासूर' आणि 'सत्यवान सावित्री' तयार झाले. गोदावरीचे घाट, जुने वाडे, देवळे आणि आसपासचे डोंगर यांमुळे पौराणिक चित्रपटाला लागणारा देखावा दाराशीच उपलब्ध होता. काम चालत असे ते घरच्यासारखे. पटकथा, कॅमेरा, रंगभूषा, रसायने, संकलन हे सारे फाळक्यांच्या हातून जाई. सरस्वतीबाई रात्री बसून कच्च्या फिल्मला भोके पाडीत आणि दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळीत. नट-कारागीर त्याच छताखाली राहत. एकत्र कुटुंबात 'कर्ता' असतो त्या अर्थाने फाळके या मंडळींचे कर्ते होते. त्यांनी पगारदार नेमले नव्हते, पंगत वाढवली होती.

या पद्धतीचे सामर्थ्य 'लंकादहन'ने (१९१७) सिद्ध केले. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागली, ही या चित्रपटाविषयीची प्रसिद्ध आख्यायिका. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही, पण आख्यायिका अपयशाभोवती जमत नाहीत. त्याच पद्धतीचे दौर्बल्य मात्र महायुद्धाने उघडे पाडले होते. १९१४ मध्ये फाळके दुसऱ्यांदा लंडनला जाऊन चित्रपट दाखवून आले, तिथे काम करण्याची बोलावणी त्यांनी नाकारली आणि परतले तो युद्ध पेटलेले. भांडवल देणाऱ्यांनी हात आखडले. एका माणसाच्या पतीवर चालणारा कारखाना किती अधांतरी असतो, हे त्यांना तेव्हा उमगले असणार.

म्हणून १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. मुंबईच्या कापडधंद्यातले धनिक भागीदार झाले. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापकीय भागीदार आणि फाळके कार्यकारी भागीदार. पहिली फळे गोड होती. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) ही दोन्ही चित्रे लोकांनी डोक्यावर घेतली. फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. पण 'कार्यकारी भागीदार' या दोन शब्दांतच तेढ दडलेली होती. भागीदारांना हिशेब हवा होता, चित्र किती दिवसांत आणि किती खर्चात होईल याचा अंदाज हवा होता. फाळक्यांना एखादे दृश्य मनासारखे उतरेपर्यंत वेळ आणि पैसा हवा होता.

या भांडणात भागीदारांना खलनायक ठरवण्याचा मोह चरित्रकारांना आवरत नाही. तो आवरला पाहिजे. ज्याने पैसा घातला त्याने हिशेब मागणे हा अपराध नव्हे. आणि त्यांचा पैसा नसता तर नाशिकचा कारखाना १९१८ नंतर चालला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. तसेच फाळक्यांचा हट्ट हाही केवळ तऱ्हेवाईकपणा नव्हता. ज्याला प्रत्येक क्रिया स्वतः शोधून काढावी लागली, त्याला तिच्या किमतीविषयी दुसऱ्याचा निवाडा मानवणे अवघडच. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते आणि म्हणूनच तडजोड होईना.

'कालियामर्दन'नंतर लवकरच फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीला निघून गेले. साहित्याच्या अभ्यासकांनी इथे क्षणभर थांबावे. चित्रपटापासून दूर झालेल्या या माणसाने काशीत काय केले, तर नाटक लिहिले. 'रंगभूमी' या दीर्घ नाटकाचा विषय त्या काळच्या रंगभूमीची अवस्था हा होता. धंदा आणि कला यांचे नाते बिघडते तेव्हा काय होते, हा प्रश्न चित्रपटाच्या संदर्भात त्यांना नुकताच चटका लावून गेलेला. तो त्यांनी नाटकवाल्यांच्या जगात नेऊन मांडला, असे हे नाटक वाचता येते. मराठी नाटकाच्या इतिहासात त्याला फारसे स्थान मिळाले नाही. पण फाळक्यांच्या मनाचा दस्तऐवज म्हणून त्याकडे पाहायला हवे.

१९२२ च्या सुमारास ते परतले. कंपनी तीच होती, नाते मात्र बदललेले. निर्मितिप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून महिना १,००० रुपये पगारावर ते रुजू झाले. रक्कम त्या काळी लहान नव्हती. परंतु पंगत वाढणारा आता पानावर बसला होता. इतक्यात बाहेरचे जगही पालटले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी 'सैरंध्री'ने नावारूपाला आली आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश'सारखा शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरचा चित्रपट तिने दिला. मुंबईत कोहिनूरसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. प्रेक्षक चमत्कारांना सरावला होता, त्याला माणसे पाहायची होती. फाळके मात्र पुराणांतून बाहेर पडायला राजी नव्हते. वर्षाकाठी चित्रपट निघत राहिले, पण त्यांच्याविषयी 'लंकादहन'सारख्या आख्यायिका जन्मल्या नाहीत.

असे घडणे केवळ चित्रपटाच्या धंद्यापुरते नाही. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचा, म्हणजे मुळात बाजारात मिळणाऱ्या मोटारी सुधारून पळवण्याच्या शर्यतींचा, इतिहास पाहावा. नॉर्थ कॅरोलिनातील लेव्हल क्रॉस या खेड्यात ली पेटी याने १९४९ मध्ये घरच्या कारखान्यात संघ उभारला. बाप-मुलगे, भाऊबंद मिळून गाडी बांधायचे आणि पळवायचे. मुलगा रिचर्ड याने ७ अजिंक्यपदे आणि २०० शर्यती जिंकल्या. पण १९८४ मधला तो २०० वा विजय त्याने मिळवला तेव्हा तो दुसऱ्याच मालकाच्या संघातून पळत होता. खेळात मोठे प्रायोजक आले, अभियंत्यांच्या फौजा आल्या, अनेक गाड्या बाळगणारे संघ आले. घरच्या कारखान्याला ती चाल झेपेना. २००८ मध्ये संघाचा मोठा हिस्सा एका गुंतवणूक संस्थेकडे गेला आणि २००९ च्या आरंभी तो दुसऱ्या संघात विलीन झाला. कौशल्य कमी पडले म्हणून पेटी मागे पडले नाहीत. ज्या खेळाला त्यांनी मोठे केले, तो खेळच कुटुंबाच्या मापाबाहेर गेला. नाशकात हेच अर्धशतक आधी आणि फार थोड्या वर्षांत घडले.

बोलपट आला तो या पडझडीच्या शेवटच्या अंकात. 'सेतुबंधन' १९३२ मध्ये मूकपट म्हणून तयार झाला आणि मग त्यावर ध्वनी चढवून १९३४ मध्ये प्रदर्शित करावा लागला. हिंदुस्थान कंपनीचा कारभार त्याच सुमारास आटोपला. पुढे 'गंगावतरण' (१९३७) हा फाळक्यांचा एकमेव बोलपट निघाला, तो कोल्हापूर सिनेटोनसाठी. स्टुडिओ दुसऱ्याचा, भांडवल दुसऱ्याचे. रिचर्ड पेटीच्या २०० व्या विजयासारखेच. फरक इतकाच की पेटी तेव्हा जिंकला होता. १९३९ मध्ये मुंबईत चित्रपटधंद्याचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. ज्या चित्रपटापासून ती पंचवीस वर्षे मोजली गेली, त्याच्या कर्त्याचा त्या धंद्यात आता काही वाटा उरला नव्हता.

'जनक' ही पदवी गौरवाची खरी, पण तिची एक गैरसोय आहे. जनकाचे काम जन्म देण्यापुरते, पुढे त्याने काय केले हे विचारण्याचे कारणच उरत नाही. १९६९ पासून फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. २००९ मध्ये परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा प्रसन्न चित्रपट आला. हे सारे स्मरण आरंभाचे आहे. वाङ्मयेतिहासातही आपण हेच करतो. पहिली कादंबरी, पहिले नाटक, पहिले मासिक यांची सनावळी पाठ असते. ते मासिक कोणत्या देण्याघेण्यावरून बंद पडले, हे अभ्यासक्रमात येत नाही. परिणामी प्रत्येक नवी पिढी तीच चूक नव्याने करते: कर्त्याचा उत्साह म्हणजेच संस्था, असे समजून चालते.

'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळे आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, ती १९१३ ची नसून १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे उरले आहे. राजाने राज्य गमावून जे भोगले, त्याचा मोठा भाग मधल्या रिळांत असणार, आणि ती हाती नाहीत. फाळक्यांच्या आयुष्यातली मधली रिळे मात्र पूर्णपणे हरवलेली नाहीत. ती पाहण्याची तयारी आपण दाखवायला हवी.