ऑनलाइन वाइन क्लब म्हणजे काय? नगर जिल्ह्यातून तो चालवता येतो का?

वाइन क्लब म्हटलं की मंद दिवे आणि टाय लावलेला वेटर डोळ्यासमोर येतो. प्रत्यक्षात हे मॉडेल दुधाच्या रतिबासारखं आहे. सभासद दर महिन्याला किंवा दर तीन महिन्यांनी ठरलेली रक्कम भरतो, क्लबमधला जाणकार माणूस दोन-तीन बाटल्या निवडतो, त्या कुठून आल्या आणि कशाबरोबर घ्यायच्या याची माहिती लिहितो आणि पार्सल घरी पोहोचतं. ‘ऑनलाइन’ म्हणजे नोंदणी, पैसे आणि माहिती हे सगळं फोनवर.

ही कल्पना ॲपच्या जमान्यातली नाही. लंडनमध्ये १८७४ साली ‘वाइन सोसायटी’ सुरू झाली. रॉयल अल्बर्ट हॉलच्या तळघरात एका प्रदर्शनासाठी आलेली पोर्तुगीज वाइनची पिंपं पडून होती, ती संपवण्यासाठी काही मंडळी एकत्र आली आणि त्यातून सभासदांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला, तिथल्या वाचकाला शेअर आणि सभासद म्हणजे काय हे मी वेगळं सांगत बसत नाही.

मग नगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हे जमेल का? मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि हा प्रश्न मला संगमनेरच्या माझ्या आतेभावाने विचारला. “दादा, तू फक्त ॲप करून दे, बाकी मी बघतो,” असं त्याचं म्हणणं. नोकरी सोडून यात उतरायचं त्याच्या डोक्यात होतं, म्हणून नीट अभ्यास केला. इथे तोच मांडतोय.

संगमनेरच का, हे आधी बघू

पुणे-नाशिक रस्ता नारायणगाव, आळेफाटा करत संगमनेरात येतो आणि पुढे सिन्नरहून नाशिकला जातो. नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने १९८०च्या दशकात भारतीय स्पार्कलिंग वाइन बनवली. नाशिकला राजीव सामंत यांची सुला १९९९ साली सुरू झाली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणून वाइन उद्योगाला सवलती दिल्या आणि नाशिक भागात वायनरी वाढल्या. म्हणजे संगमनेर दोन्ही वाइन पट्ट्यांच्या मधोमध आहे. जिल्ह्याचा स्वतःचा मद्याशी संबंध मात्र जास्त उसाचा: साखर कारखाने, मळी, डिस्टिलरी, आणि श्रीरामपूरजवळचं टिळकनगर, जिथून टिळकनगर इंडस्ट्रीजची सुरुवात झाली.

आतेभावाचा हिशोब असा होता की माल दोन्ही बाजूंनी जवळ, गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर, तर अडचण कसली?

अडचण कायद्याची आहे, आणि ती मोठी आहे

मद्य हा विषय आपल्या राज्यघटनेत राज्य सूचीत आहे. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, त्यामुळे अमेझॉनसारखं ‘देशभर डिलिव्हरी’ इथे होतच नाही. महाराष्ट्रात मूळ कायदा १९४९ चा, महाराष्ट्र दारूबंदी कायदा (आधीचं नाव मुंबई दारूबंदी कायदा). त्याचं नाव नीट वाचा. हा विक्रीचा कायदा नाही, बंदीचा आहे. जे काही चालतं ते परवान्याच्या अपवादातून. दुकानाला परवाना लागतो, परमिट रूमला लागतो, आणि पिणाऱ्यानेही परवाना काढावा अशी त्यात तरतूद आहे (एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव).

या चौकटीत ‘ऑनलाइन वाइन क्लब’ नावाचा परवानाच नाही. दहा बाटल्या आणून घरात ठेवल्या आणि इन्स्टावर ऑर्डर घेऊन विकल्या, तर कायद्याच्या नजरेत ती विनापरवाना विक्री, ज्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. बाटली नाशिकच्या चांगल्या वायनरीची होती आणि बिल खिशात होतं, तरी फरक पडत नाही. मद्य घ्या म्हणून जाहिरात करायलाही याच कायद्यात मनाई आहे.

“पण लॉकडाउनमध्ये तर घरपोच मिळत होती!” हो, मे २०२० मध्ये राज्याने घरपोच विक्रीला मुभा दिली होती. त्याच महिन्यात झारखंडमध्ये रांचीला स्विगीनेही मद्य पोहोचवायला सुरुवात केली. पण महाराष्ट्रातली मुभा साथीच्या काळातली होती आणि ती परवानाधारक दुकानांना होती. मधल्या ॲपवाल्याला विकण्याचा अधिकार तिने दिला नव्हता.

दुसरी गोष्ट २०२२ ची, आणि तिचा संबंध थेट आपल्या जिल्ह्याशी आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. द्राक्ष उत्पादकांना भाव मिळेल हा सरकारचा मुद्दा होता. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी विरोध केला आणि १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला. सरकारने लोकांच्या हरकती-सूचना मागवायचं मान्य केलं, उपोषण स्थगित झालं आणि निर्णय पुढे अमलात आलाच नाही. कोण बरोबर यावर आमच्या घरातच दोन तट आहेत. स्टार्टअप करणाऱ्याने यातून एवढंच घ्यावं, की सरकारी घोषणेच्या भरवशावर कर्ज काढू नये.

त्या वादात ‘वाइन म्हणजे दारू नाही’ हे वाक्य खूप गाजलं. आपण इंजिनिअर माणसं, गणित करून बघू. १३ टक्के अल्कोहोलच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास: १५० × ०.१३ × ०.७८९, म्हणजे साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल. ४२.८ टक्के व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग: साधारण १० ग्रॅम. म्हणजे ‘नुसती एक ग्लास वाइन’ ही एका छोट्या पेगपेक्षा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की आरोग्यासाठी सुरक्षित असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही. वाइन हृदयाला चांगली वगैरे क्लबच्या पानावर लिहू नका.

मग चालतं ते काय?

बाटली सोडून बाकी सगळं. माझं मत विचाराल तर क्लबचा खरा माल तोच आहे. शेनिन ब्लाँ आणि सोविन्यों ब्लाँ यांत फरक काय, आपल्याकडे द्राक्षाची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये का, खायची थॉमसन आणि वाइनची शिराझ वेगळी का, चाळीस अंशांच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली बाटली का बिघडते, हे मराठीत नीट सांगणारे फार कमी आहेत. त्यासाठी लोक पैसे देतील.

चव घेण्याचा कार्यक्रम परवाना असलेल्या जागीच करायचा. नाशिकच्या वायनरींच्या टेस्टिंग रूम आहेतच; संगमनेरहून सकाळी मिनीबस काढली तर संध्याकाळी परत. भाड्याच्या मंगल कार्यालयात ‘आपापली बाटली आणा’ हा प्रकार करू नका. आणि बाटली हवी असेल तर सभासदाने परवानाधारक दुकानात जाऊन स्वतः विकत घ्यायची, बिल दुकानाचं, पैसे थेट दुकानाला. क्लबने बाटलीमागे कमिशन घेऊ नये असं मी आतेभावाला सांगितलं. ते घेतलं की तुम्ही माहिती देणारे राहत नाही, विक्रीच्या साखळीत येता. तरीही सुरू करण्यापूर्वी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या.

ॲपच्या आत काय लागतं

पहिलं काम वयाचं. ‘मी सज्ञान आहे’ या चौकोनावर टिक करणं म्हणजे वयाची तपासणी नव्हे. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वय २५ आहे, बिअरसाठी २१. मी क्लबसाठी सरसकट २५ ठेवलं, वाद नको. तपासायला आधार कार्डावरचा क्यूआर वापरता येतो. त्यात जन्मतारीख असते आणि त्यावर यूआयडीएआयची डिजिटल सही असते, त्यामुळे इंटरनेट नसतानाही खरंखोटं कळतं. कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवण्याची पद्धत बंद करा. डेटाबेसमध्ये जन्मतारीखसुद्धा ठेवायची गरज नाही. ‘वय तपासलं: हो’ आणि तारीख, बस.

हे मी एवढं ताणून का सांगतोय? कारण छोट्या गावात वाइन क्लबची यादी बाहेर फुटणं हा नुसता डेटा लीक नसतो. कुणाचं स्थळ मोडेल, कुणाला सासरी ऐकून घ्यावं लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जबाबदारी तुमच्यावर येते ती वेगळीच. म्हणून सभासदांचा व्हॉट्सॲप ग्रुप करू नका, तिथे सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. चॅनल किंवा ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. नोटिफिकेशनमध्येही ‘वाइन’ शब्द टाळा. घरात फोन टेबलावर पालथा ठेवलेला असतोच असं नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये मद्य विकायला टाकता येत नाही, हेही लक्षात ठेवा. नंबर बंद झाला की सगळे संपर्क गेले.

पैशांचं म्हणाल तर सभासदत्वाची फी यूपीआय ऑटोपेने घेता येते. ही सोय एनपीसीआयने २०२० मध्ये आणली. ग्राहक एकदा पिन टाकून मंजुरी देतो, मग दर महिन्याला रक्कम आपोआप कापली जाते आणि कापण्याच्या २४ तास आधी त्याला सूचना जाते. गेटवेकडे नोंदणी करताना धंद्याचा प्रकार खरा लिहा. प्रत्येक व्यापाऱ्याला चार आकडी कोड असतो. मद्याच्या दुकानाचा ५९२१. तुम्ही बाटल्या विकत नाही, म्हणून तो तुमचा नाही. पण आत बाटल्या विकायच्या आणि बाहेर ‘शिक्षण’ दाखवायचं असा खेळ केला तर गेटवे खातं गोठवतो.

कराचीही तीच विभागणी. पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि तो दुकान बघतं. क्लबची फी ही सेवा. ४० सभासद, महिना ५०० रुपये धरले तर २०,०००, वर्षाचे २ लाख ४० हजार. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे, म्हणजे सुरुवातीला तो प्रश्न नाही. पण नोकरी सोडण्याइतकेही हे पैसे नाहीत. आतेभावाने नोकरी सोडलेली नाही. क्लब रविवारचा आहे.

एक तांत्रिक गंमत. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, पण कित्येक वेबसाइटच्या यादीत अजून ‘अहमदनगर’च आहे. पत्त्यात जिल्ह्याच्या नावावर कोड लिहू नका, पिनकोडवर लिहा. ड्राय डेची यादीही कोडमध्ये पक्की बसवू नका. २ ऑक्टोबर ठरलेला असतो, पण मतदान संपण्याआधीचे ४८ तास त्या त्या मतदारसंघापुरते येतात आणि सहलीची तारीख तिथेच अडकते.

ग्राहक असाल तर हे बघा

‘ऑनलाइन वाइन, घरपोच’ असं शोधल्यावर जे नंबर येतात, त्यांतले बरेच भामट्यांचे असतात. खऱ्या दुकानाच्या नावाखाली नकाशावर स्वतःचा नंबर टाकायचा, ‘आधी पैसे पाठवा’ म्हणायचं, मग ‘डिलिव्हरी चार्ज परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणून आणखी काढायचे. माझ्या रूममेटचे असेच ३१ डिसेंबरला साडेचार हजार गेले. लाजेमुळे त्याने दोन दिवस तक्रारच केली नाही, आणि भामटे याच लाजेवर चालतात.

पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा: दुकानाच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. आणि पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोहोचली तर ती गोठवता येते. काय मागवत होतात हे सांगायला लाजू नका, विनापरवाना विक्री करणारा तो आहे.