वस्तऱ्याची निवड

वस्तरा हे मुठीत दुमडून ठेवता येणारे, एकाच कडेस धार असलेले पोलादी क्षौरसाधन होय. संस्कृतात त्यास ‘क्षुर’ अशी संज्ञा असून ‘क्षौर’ हा शब्द त्यावरूनच आला आहे. ‘वस्तरा’ या शब्दाचे नाते फारसी ‘उस्तुरा’शी आहे. घरी स्वतःची दाढी करण्यासाठी कमी खर्चात पहिला वस्तरा घेताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मुठीची सजावट, कोरीवकाम वा छापाची कीर्ती यांवर वस्तऱ्याची उपयुक्तता ठरत नाही. ती पात्याची भूमिती, पोलाद आणि प्रत्यक्ष लावलेली धार यांवर ठरते. त्यामुळे साधा पण नीट धार लावलेला वस्तरा हा महागड्या पण बोथट वस्तऱ्यापेक्षा नवशिक्यास अधिक उपयोगी आणि अधिक सुरक्षित असतो. बोथट पात्यावर हाताचा दाब वाढतो व त्यानेच त्वचा सोलवटते.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील शेफील्ड व जर्मनीतील झोलिंगेन ही वस्तऱ्यांच्या निर्मितीची प्रसिद्ध केंद्रे होत. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन यांनी मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार करण्याची पद्धत शेफील्ड परिसरात विकसित केली. त्यामुळे पातळ व टिकाऊ धार घेणारी पाती करणे सुकर झाले. १९०३ मध्ये जिलेट कंपनीने टाकाऊ ब्लेड वापरणारे सुरक्षित दाढीयंत्र विक्रीस आणले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना अशी यंत्रे पुरवली गेल्यानंतर घरगुती वापरातून वस्तरा झपाट्याने मागे पडला. महाराष्ट्रात वस्तरा, सहाण, चामड्याचा पट्टा, वाटी व आरसा हे साहित्य न्हाव्याच्या धोकटीत असे. आता बहुतेक केशकर्तनालयांत अर्धे ब्लेड बसवण्याचा वस्तरा वापरला जातो.

रचना

वस्तऱ्याच्या पात्यास धार, पाठ, टोक व शेपटी असे भाग असतात. शेपटीजवळच्या खिळीवर पाते फिरते व मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये मिटते. धार लावताना पाते दगडावर सपाट ठेवतात, म्हणजे पाठ व धार दोन्ही एकाच वेळी दगडास टेकतात. त्यामुळे धारेचा कोन कारागिराच्या हातावर अवलंबून न राहता पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावर ठरतो. उदाहरणार्थ, १६ मिमी रुंद पात्याची पाठ ४.५ मिमी जाड असल्यास हा कोन सुमारे १६ अंश येतो. पाठ फार झिजली तर कोन अरुंद होऊन धार नाजूक बनते. उलट पात्याची रुंदी कमी झाली व पाठ जाडच राहिली तर कोन मोठा होऊन धार बोजड होते. जुना वस्तरा घेताना हे प्रमाण पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

निवडीचे निकष

रुंदी : पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. ४/८ (सुमारे १३ मिमी) ते ७/८ (सुमारे २२ मिमी) ही मापे सर्रास आढळतात. नवशिक्यास ५/८ (सुमारे १६ मिमी) किंवा ६/८ (सुमारे १९ मिमी) हे माप सोयीचे असते. अरुंद पाते फेसाने लवकर भरते, तर रुंद पाते नाकाखाली वळवणे अवघड जाते.

पोकळी : पात्याच्या दोन्ही बाजू आत किती खोल घासल्या आहेत, यावरून पाचरीसारखे भरीव, अर्धपोकळ व पूर्णपोकळ असे प्रकार पडतात. भरीव पाते जड असते व त्यास धार लावण्यास वेळ लागतो. पूर्णपोकळ पाते लवचीक असून त्यास धार लवकर लागते, मात्र ते हलक्या हाताने वापरावे लागते. अर्धपोकळ अथवा पूर्णपोकळ पाते पहिल्या खरेदीस योग्य ठरते.

टोक : चौकोनी टोकाने कानाजवळची व मिशीची रेघ काटेकोर काढता येते, पण त्वचेत टोक रुतण्याचा धोकाही असतो. शिकताना गोल टोक निवडावे.

पोलाद : साध्या कार्बन पोलादास धार सहज लागते, पण ते गंजते. स्टेनलेस पोलाद गंजास अधिक दाद देत नाही, मात्र त्यास धार लावणे तुलनेने कष्टाचे असते. कोकणासारख्या दमट हवेत कार्बन पोलादाची निगा अधिक काटेकोरपणे ठेवावी लागते.

खर्चाची विभागणी

केवळ वस्तरा विकत घेऊन दाढी करता येत नाही. धार घासण्याचा पट्टा आणि जाणकाराकडून लावलेली पहिली धार यांचा खर्चही त्यात धरावा लागतो. उपलब्ध रकमेच्या निम्म्याहून फार अधिक भाग वस्तऱ्यावर खर्च करू नये, हा सोयीचा ठोकताळा आहे.

नव्या वस्तऱ्याची कारखान्यातील धार पुष्कळदा दाढीस पुरेशी नसते. म्हणून विक्रेत्यास ‘वस्तरा थेट दाढी करण्याजोगा आहे काय’ हे स्पष्ट विचारावे. धार लावून मिळत नसल्यास तो खर्च किमतीत मिळवून तुलना करावी. चीनमधील ‘गोल्ड डॉलर’सारखे स्वस्त वस्तरे या दृष्टीने पाहावे लागतात. त्यांचे पोलाद चांगली धार घेऊ शकते, पण पात्याच्या शेपटीकडील भागाची घडण ओबडधोबड असल्याने दगडावर बरीच मेहनत घ्यावी लागते. धार लावण्याचे कौशल्य असणाऱ्यास ते परवडतात. दाढी व धार या दोन्ही गोष्टी नव्याने शिकणाऱ्यास मात्र दोष हाताचा की पात्याचा, हेच कळेनासे होते.

दगडांचा संच आरंभी घेण्याची गरज नसते. प्राथमिक धार बसवण्यास सुमारे १००० क्रमांकाचा, मधल्या टप्प्यांस ४००० ते ८००० क्रमांकांचे आणि अखेरच्या जिल्हईस १२००० क्रमांकाच्या आसपासचा दगड वापरतात. पट्ट्यावर नियमित घासलेली चांगली धार कित्येक महिने पुरते. तोवर दगडांवरील खर्च पुढे ढकलता येतो. पट्टाही पहिल्यांदा साधाच घ्यावा, कारण शिकताना त्यावर काप पडणे नेहमीचे आहे.

जुना वस्तरा घेताना

मुंबईतील चोरबाजार व पुण्यातील जुना बाजार यांसारख्या ठिकाणी, तसेच जुन्या घरांतील सामानात वस्तरे सापडू शकतात. जुन्या चांगल्या पात्यास कमी किंमत पडते, परंतु पुढील तपासणी करावी.

• पात्यास तडा नसावा. तडा गेलेले पाते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.
• धार सरळ किंवा किंचित बाह्यवक्र असावी. मधोमध आत गेलेली धार चुकीच्या घासणीची खूण असते.
• पाते सपाट काचेवर ठेवल्यास डुलू नये. डुलणारे पाते पिळलेले असते.
• पाठीवर रुंद, चकचकीत, सपाट पट्टा दिसल्यास ती बरीच झिजली आहे असे समजावे.
• पृष्ठभागावरील गंज घासून निघतो. धारेलगत गंजाने पडलेले खड्डे मात्र धार टिकू देत नाहीत.
• मिटताना पाते मुठीच्या मधोमध यावे. ते बाजूस घासत असल्यास धार बिघडते.

पात्यावरील मजकुराचा काळ ठरवण्यास उपयोग होतो. ब्रिटनमधील १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर व अमेरिकेतील १८९० च्या आयातशुल्क कायद्यानंतर निर्यातीच्या मालावर उत्पादक देशाचे नाव घालण्याची पद्धत रूढ झाली. ‘झोलिंगेन’ या नावास जर्मनीत १९३८ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. शेफील्डच्या अनेक पात्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असे कोरलेले असते. जेम्स स्टोडार्ट व मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या सुमारास पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले, त्यांत ५०० भाग पोलादास १ भाग चांदी असे मिश्रणही होते. स्टोडार्ट यांनी त्याआधी ‘वुट्झ’ या भारतीय पोलादाचाही अभ्यास केला होता. त्या पोलादाचे नमुने मुंबईतील वैद्य हेलेनस स्कॉट यांनी १७९० च्या दशकात लंडनला पाठवले होते. तथापि पात्यावरील ‘सिल्व्हर स्टील’ हे शब्द बहुधा व्यापारी नावापुरतेच असतात व त्यासाठी जादा किंमत मोजण्याचे कारण नसते.

मुठीचा पदार्थही पाहावा. सेल्युलॉइडची जुनी मूठ विघटित होऊ लागल्यास तिच्यातून आम्लधर्मी वायू निघतात व पाते गंजते. हस्तिदंताच्या व्यापारावर भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ व त्यातील नंतरच्या सुधारणांनुसार बंदी आहे.

पर्याय

ब्लेड बदलता येणारा वस्तरा हा सर्वांत कमी खर्चाचा आरंभ होय. त्यास दगड वा पट्टा लागत नाही, धार नेहमी एकसारखी मिळते व हाताचे वळणही बसते. मात्र ताठ ब्लेडमुळे चुकीस फारशी क्षमा नसते आणि धार राखण्याचे शिक्षण त्यातून मिळत नाही. शोभेच्या, नक्षीदार पात्यांच्या स्वस्त वस्तऱ्यांत पुष्कळदा मऊ पोलाद असते. अशा पात्यावर धार टिकत नाही.

वापर व निगा

दाढी करण्यापूर्वी केस कोमट पाण्याने व फेसाने चांगले भिजवावेत. मोकळ्या हाताने त्वचा ताणून धरावी, पाते त्वचेशी सुमारे ३० अंशांत ठेवावे व दाब न देता केसांच्या दिशेने चालवावे. पहिले काही दिवस फक्त गालांवर सराव करून मग हनुवटी व गळ्याकडे वळावे. पात्याची दिशा कधीही आडवी, म्हणजे धारेच्या लांबीच्या दिशेने, सरकवू नये. त्याने खोल जखम होते.

दाढीपूर्वी पाते पट्ट्यावर घासताना पाठ पुढे व धार मागे ठेवतात. परतताना पाते पाठीवरच उलटतात, धारेवर नव्हे. वापरानंतर पाते पुसून पूर्ण कोरडे करावे. ते बरेच दिवस ठेवायचे असल्यास त्यावर शिलाई यंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा.

वस्तरा ही वैयक्तिक वापराची वस्तू आहे. यकृतशोथ ‘ब’ व ‘क’ तसेच एचआयव्ही यांचे विषाणू रक्तावाटे पसरतात. त्यामुळे एकाच पात्याने अनेकांची दाढी करणे धोक्याचे असते. जुना वस्तरा आधी साबणाने धुऊन नंतर निर्जंतुक करून घ्यावा व लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा.

हेही पाहा

• क्षौर
• सुरक्षित दाढीयंत्र
• पोलाद
• सहाण